न बोलणाऱ्या घराची तीन पानं



मे महिन्याच्या अंकात हे सदर नव्हतं. दोघातिघींनी फोन करून "बरी आहेस ना?" असं विचारलं, त्यांचे आभार. संपादकांना मी "परीक्षा आहे" असं कारण दिलं होतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते कारण देताना मला जेवढी मजा वाटली, तेवढी ऐकताना त्यांना वाटली नसावी. पण कारण खरं होतं. त्याची गोष्ट आज सांगते, आणि तिच्यात माझा एक जुना गुन्हाही कबूल करून टाकते.

आधी गुन्हा. २०२४च्या आपल्या गणेशोत्सवात शेवटच्या पंगतीला श्रीखंड पुरलं नाही, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. भाजीही संपली होती. मुलांच्या नाटकातली मंडळी, तबलजी, सकाळपासून उभे असलेले वाढपी आणि लांबून उशिरा पोचलेली कुटुंबं, अशी चव्वेचाळीस पानं वरण-भात आणि लोणच्यावर उठली. नंतर कुणी केटररला बोल लावला, कुणी म्हणालं की पहिल्या पंगतीनं हात सैल सोडला. मंडळी, दोन्ही खोटं. त्या वर्षी जेवणाचा आकडा मी काढला होता आणि तो चुकला होता. कार्यकारिणीत मी गप्प बसले, ते आज वर्षभरानं लिहिते आहे.

एरवी हा आकडा आपले काका काढत. (नाव लिहायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे, पण सव्वीस वर्षं स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून कोण बसायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.) त्या भाद्रपदात काकू हॉस्पिटलात होत्या म्हणून काका आलेच नाहीत. मी म्हटलं, त्यात काय, एक्सेल आहे की! ९६ घरांना चिठ्ठ्या गेल्या होत्या. आलेले आकडे भरले, खाली बेरीज घेतली, २४६ आली. हातचे १४ धरले आणि २६० पानांची ऑर्डर दिली. त्या दिवशी कागदी ताटं ४०० आणली होती, ९६ उरली. म्हणजे जेवले ३०४. चूक कुठे झाली हे मात्र मला तेव्हा कळलं नाही.

पुढे हिवाळ्यात दोन गोष्टी घडल्या. काकू गेल्या. आणि माझी एकोणीस वर्षांची नोकरी गेली. घरी बसून टीव्ही बघण्यापेक्षा काहीतरी शिक असं लेकीनं टुमणं लावलं, म्हणून जानेवारीत संध्याकाळच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातली बाकी मुलं माझ्या लेकीपेक्षाही लहान. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मीच शिकवायला आले.

त्या कोर्सची भाषा 'आर'. एवढं एकच अक्षर. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती रचली. दोघांच्याही नावाचं आद्याक्षर आर, आणि जिच्यावरून ती बेतली त्या जुन्या भाषेचं नाव एस. ही एस मात्र आपल्या शेजारची! १९७६ साली बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली, ती आपल्या न्यू जर्सीतल्या मरे हिल गावात. त्या रस्त्यावरून मी शंभरदा गेले असेन, पण इथे एक भाषा जन्मली याचा पत्ता नव्हता. आर फुकट मिळते आणि जगभरचे लोक तिच्यात भर घालतात. भर घालायची ती 'पॅकेज'च्या रूपात. १९९७ पासून क्रॅन नावाचं त्यांचं कोठार आहे, त्यात आज हजारो पॅकेजेस आहेत. आमचा मोठा गृहपाठ हाच होता: प्रत्येकानं आपलं पहिलं पॅकेज करायचं.

पॅकेज म्हणजे काय, हे ज्यांना या विषयाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी सांगते. आपल्या मखराचा खोका आठवा. दरवर्षी तो कुणाच्या तरी गराजमधून निघतो. कमानी मिळतात, स्क्रू मिळत नाहीत, कुठली दांडी कुठे बसते ते ज्यांना ठाऊक होतं ते कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलेलं असतं. पॅकेज म्हणजे नीट भरलेला खोका. वर नाव, करणारा, काय काय लागेल याचा एक कागद, तो 'डिस्क्रिप्शन'. एका कप्प्यात खरी अवजारं, म्हणजे फंक्शनं. दुसऱ्यात प्रत्येक अवजार कसं वापरायचं याचं पान. तिसऱ्यात चाचण्या: मखर उभं केल्यावर ते डगमगत नाही ना, हे तपासायची यादी. ज्यानं आपल्याला कधी पाहिलेलं नाही, त्यालाही खोका उघडून मखर उभं करता आलं पाहिजे.

विषय आमचा आम्ही निवडायचा होता. कुणी बेसबॉल घेतला, कुणी शेअर बाजार. मी लिहिलं, 'जेवणाचा अंदाज'. पॅकेजचं नाव 'पंगत', पण रोमन लिपीत, कारण पॅकेजच्या नावात देवनागरी चालत नाही. तीन फंक्शनं: एकूण पानं किती, ट्रे किती, श्रीखंड किती.

मग एका शनिवारी पोहे घेऊन काकांकडे गेले. काका जूनमध्ये टेक्ससला मुलाकडे कायमचे जाणार हे तोवर ठरलं होतं. बैठकीच्या खोलीत खोकी लागली होती. मी वही उघडून विचारलं, "काका, आकडा कसा काढायचा याचा नियम सांगा."

"नियम कसला? जेवढे लागतात तेवढे धरायचे."

"पण किती लागतात हे कसं कळतं?"

"अगं, अंदाज."

अर्धा तास हेच. पोहे संपले, वही कोरी. शेवटी मला सरांचं वाक्य आठवलं. सर म्हणाले होते, आधी चाचण्या लिहा, फंक्शन मागाहून. चाचणी म्हणजे फक्त एवढंच: हे आत घातलं तर हे बाहेर यायला हवं. हॅडली विकम नावाच्या गृहस्थांचं 'टेस्टदॅट' नावाचं पॅकेज आहे, त्यात अशी अपेक्षा एका ओळीत लिहिता येते. मी प्रश्न बदलला.

"काका, दहा घरांनी मिळून चाळीस जण येतो म्हणून सांगितलं. किती धराल?"

"छत्तीस." एका क्षणात!

"शंभर सांगितले तर?"

"नव्वद. दहातला एक येत नाही. मुलाला ताप येतो, कुणाची शिफ्ट बदलते."

"दीडशे पानांना बटाट्याच्या भाजीचे किती ट्रे?"

"मोठा ट्रे साठ पानांना. दीडशेला तीन. अर्धा मागवू नये, अर्ध्याचे पाऊण पैसे लावतात."

"कलाकार?"

"ते यादीत नसतात. साउंडवाला, तबलजी, शाळेचा कस्टोडियन. त्यांचं प्रत्येकी एक पान वेगळं धरायचं, दहातला एक त्यातून वजा करायचा नाही. आलेलेच असतात ते."

मंडळी, नियम विचारला तर ज्या माणसाला एक वाक्य सांगता येत नव्हतं, त्याला उदाहरण घातलं की एकही अडत नव्हतं. दोन तासांत वहीत चौदा ओळी झाल्या. त्याच माझ्या चौदा चाचण्या. फंक्शनचा अजून पत्ता नव्हता, पण ते बरोबर झालं की नाही हे कसं ओळखायचं ते काकांनी सांगून ठेवलं होतं.

घरी येऊन फंक्शनं लिहिली. ट्रेचं सगळ्यात सोपं: पानांना साठानं भागा आणि 'राउंड' करा. २१० पानं घालून पाहिली. साडेतीन, म्हणजे चार ट्रे. बरोबर! कॉफी करून घेतली. मग काकांची दीडशेची ओळ चालवली, तर चाचणी नापास. अपेक्षा तीन, आले दोन. मला वाटलं माझे डोळे गेले. अडीचचे तीन होतात हे आपण चौथीत शिकलो. पण आर अडीचचे दोन करते आणि साडेतीनचे चार! बरोब्बर अर्धा आला की ती जवळच्या सम अंकाकडे जाते. दरवेळी वरच ढकलत गेलं तर मोठ्या बेरजा फुगतात, म्हणून ही रीत. शास्त्राला ती योग्य, पंगतीला नव्हे. त्यासाठी 'सीलिंग' हे दुसरं फंक्शन आहे, ते नेहमी वरच्याच पूर्णांकाला जातं. मी २१० वरच समाधान मानलं असतं, तर दीडशे पानांच्या दिवशी तीस जण भाजीवाचून उठले असते, आणि मी पुन्हा केटररकडे बोट दाखवलं असतं.

आता मुख्य गोष्ट. एकूण पानांचं फंक्शन. २०२४ची माझी एक्सेलची यादी मी आरमध्ये घेतली आणि बेरीज मागितली. उत्तर आलं 'एनए'. पुन्हा मागितली, पुन्हा एनए. ज्या चौकटीत आकडा नाही, तिथे आर 'एनए' लिहिते, म्हणजे माहीत नाही. आणि बेरजेत एक जरी 'माहीत नाही' असेल, तर बेरीजही माहीत नाही असंच ती म्हणते. किती खरं आहे बघा! एक्सेलनं रिकाम्या चौकटी मुकाट्यानं सोडून दिल्या होत्या आणि मला २४६ हा गुळगुळीत आकडा दिला होता. आर अडून बसली: आधी यांचं काय करायचं ते सांग.

एक पळवाट आहे. एनए वगळून बेरीज कर असं तिला सांगता येतं. मी तेच केलं आणि काकांची ओळ चालवली: तीन घरं, एकानं चार सांगितले, दुसऱ्यानं दोन, तिसरं गप्प. फंक्शन म्हणालं सहा. काका म्हणाले होते नऊ. नापास.

काकांचा हिशोब असा. सांगितलेले सहा, त्यातला दहावा भाग वजा, राहिले पाच पूर्णांक चार. गप्प घराची तीन. झाले आठ पूर्णांक चार, म्हणजे नऊ. उत्तर न देणारं घर म्हणजे शून्य नव्हे. उत्तर न देणारं घर म्हणजे तीन पानं.

मग माझ्या यादीतली दुसरी खोट दिसली. "आम्ही येणार नाही" असं कळवलेल्यांची चौकटही मी रिकामीच ठेवली होती. नाही म्हणालेला आणि न बोललेला, दोघं एकाच रिकाम्या चौकटीत! जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा शोधून पुन्हा भरलं. ९६ पैकी ६५ घरांनी आकडा दिला होता. ६ घरांनी नाही कळवलं होतं, त्यांना शून्य. २५ घरं गप्प, त्यांना एनए. काकांच्या नियमानं २४६ चे दहावा भाग वजा जाता २२१ पूर्णांक ४, गप्प घरांची ७५, बाहेरची मंडळी १२. एकूण ३०८ पूर्णांक ४, म्हणजे ३०९. आणि त्या दिवशी लागली होती ३०४. स्क्रीनवरचा तो आकडा बघत मी बराच वेळ बसून राहिले. चव्वेचाळीस माणसं माझ्या रिकाम्या चौकटींत बसलेली होती.

पुढच्या शनिवारी काकांना विचारलं, "तीनच का? दोन का नाही, चार का नाही?"

काका खोक्याला चिकटपट्टी लावत होते. म्हणाले, "आम्ही तिघं होतो."

मग सांगितलं. १९८७ साली ते नवे नवे आले होते. कुणाच्या तरी ओळखीनं गणपतीचा कागद घरी आला. ओळख नाही, वर्गणी भरलेली नाही, जावं की नाही कळेना, म्हणून उत्तर पाठवलंच नाही. आणि त्या दिवशी काकूंना घरी राहवेना. गेले तिघं. मागे भिंतीशी उभे राहिले. कुणीतरी बाईंनी काही न विचारता तीन पानं आणून हातात ठेवली.

"उत्तर न देणाऱ्याला यायचं नसतं असं नसतं गं," काका म्हणाले. "त्याला कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नसतं."

ती ओळ मी मदतीच्या पानात इंग्रजीत उतरवून घातली.

गृहपाठाचा शेवटचा घाट म्हणजे 'चेक'. आर तुमचं पॅकेज पुसलेल्या पाटीवर, अगदी नव्यानं उघडून तपासते आणि तीन रकान्यांत निकाल देते: एरर, वॉर्निंग, नोट. आम्हाला तिन्ही शून्य हवे होते. माझी पहिली तपासणी दोन एरर, एक वॉर्निंग, तीन नोटा! एरर कशाची? 'साठ पानांना एक ट्रे' हा साठ मी फंक्शनमध्ये लिहिलाच नव्हता. फेब्रुवारीत कधीतरी बाहेरच टाइप करून ठेवला होता आणि माझ्या मशीनला तो आठवत होता. नव्या घरात फंक्शन विचारू लागलं, साठ कुठे आहेत? लेक म्हणाली, "आई, हे म्हणजे तुझ्या हाताखालचा मिसळणाचा डबा धरून रेसिपी सांगण्यासारखं आहे." मखराचे स्क्रू माझ्याच खिशात होते म्हणायचे.

वॉर्निंग श्रीखंडाची. फंक्शनच्या मजकुरात मी हौसेनं 'श्रीखंड' देवनागरीत लिहिलं होतं. तिथे फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालतात, बाकी लिपी आकड्यांच्या सांकेतिक रूपात लिहावी लागते. 'श' म्हणजे ०९३६. अशी सात चिन्हं मांडल्यावर श्रीखंड होतं. आपण म्हणतो अक्षरं तीन, श्री-खं-ड. आर मोजते सात: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, ख, अनुस्वार, ड. माझ्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना हे सांगितलं, तर जोडाक्षर पहिल्यांदाच त्यांना आवडलं.

शेवटी पॅकेज शेजारच्या विद्यार्थ्याला द्यायचं, त्यानं एकही प्रश्न न विचारता वापरून दाखवायचं. माझ्या वाट्याला नायजेरियाचा एक मुलगा आला. श्रीखंड म्हणजे काय हे त्याला मदतीच्या पानावरून कळलं. दीडशे पानांचे तीन ट्रे त्यानं काढून दाखवले. मग हसून म्हणाला, तीन फार कमी, आमच्याकडच्या लग्नात न बोलणाऱ्या घराचे सहा धरावे लागतील. त्याला ते करता आलं, कारण तीन हा आकडा मी फंक्शनच्या दारावर ठेवला होता. काही सांगितलं नाही तर तीन, सांगाल तर सांगाल तेवढे. काकांना हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "शहाणा आहे. त्याच्या घरात सहा माणसं असतील."

अखेर शून्य, शून्य, शून्य आलं. चौदा चाचण्या पास. सरांनी शेरा मारला की व्हेरिएबलांची नावं फार लांब आहेत. असू देत.

खरी परीक्षा यंदाच्या, २०२५च्या गणपतीत झाली. १०४ घरं, सांगितलेले २७०, गप्प २४, बाहेरची मंडळी १४. 'पंगत'नं सांगितलं ३२९. कार्यकारिणीत दोघांनी भुवया उंचावल्या, पण मी यादी पुढे केली. लागली ३२१ पानं. शेवटच्या पंगतीला वाढपी बसले तेव्हा श्रीखंडाच्या भांड्यात डाव बुडत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी ती खुर्ची रिकामी होती. कुणीच तिथे बसलं नाही.

रात्री टेक्ससहून फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, थेट प्रश्न.

"उरलं का?"

"दोन डबे उरलं, काका."

"मग जमलं. अगदी काहीच उरलं नाही, तर कुणीतरी न जेवता घरी गेलंय असं समजावं."

ही पंधरावी चाचणी मी दुसऱ्या दिवशी घातली: आकडा नेहमी लागणाऱ्यापेक्षा थोडा जास्त यायला हवा. गेल्या दोन्ही वर्षांच्या खऱ्या आकड्यांवर ती पास होते. पुढच्या वर्षी तिसरा आकडा त्यात घालायचा आहे, तो मी घालीन किंवा जो कुणी खोका उघडेल तो घालील. पॅकेज आपल्या मंडळाच्या काँप्युटरवर ठेवलं आहे. मदतीचं पान वाचा, मला फोन करायची गरज पडू नये. पडली तर चूक पानाची आहे, मला नक्की कळवा.

तर मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमाचा कागद या अंकाला टाचला आहे. किती जण येणार ते लिहून पाठवा. येणार नसाल तर शून्य लिहा, चौकट रिकामी सोडू नका, शून्यालाही किंमत असते. आणि शेजारच्या इमारतीत एखादं नवं मराठी घर आलं असेल, तर एक कागद त्यांच्या दारात सरकवा, आणि चार दिवसांनी दुसऱ्यांदा विचारा.

त्यांनी उत्तर नाही पाठवलं, तरी काळजी नको. त्यांची तीन पानं धरलेली आहेत.